बाकांवरची स्ट्रॉबेरी

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं असेल की आजी हट्टी आहे. ते खरं आहे. पण ही हकिगत तुम्ही त्याच्या बाजूने ऐकलीत, आता माझ्या बाजूने वाचा. मराठीत लिहिते आहे, कारण बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना इंग्रजीत पत्रं कशी लिहावीत ते शिकवलं. आपल्या नातवंडांना लिहिताना तरी मला समास सोडून, मायना घालून लिहायचं नाही. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. त्यालाच वाचायला लावलंत तर आणखी बरं.

गेल्या उन्हाळ्यात मी परसात पडले. घसरले नाही, कशाला अडखळले नाही. अळवाच्या वाफ्याशी उकिडवी बसून तण काढत होते, उठायला गेले आणि उजवा पाय माझ्याबरोबर उठला नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळचे नऊ वाजले होते आणि मावशी दगडावर कपडे आपटत होती म्हणून बरं. मावशी तुम्ही पाहिली आहे. तुम्ही लहान असताना तुम्हाला कडेवर घेऊन फणसाखाली फिरवायची तीच. मोखाड्याच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर तिचं घर आहे. पावसाळ्यात भात-नागलीच्या कामाला ती तिकडे जाते आणि बाकीचं वर्ष माझ्याकडे असते. तिने मला हलवलं नाही. शेजाऱ्यांची जीप आणली, घरातलं दार बिजागरीतून काढलं आणि त्या दारावर मला झोपवून नाशिकला नेलं. जव्हार ते नाशिक हा रस्ता मी आयुष्यात शेकडो वेळा गेले असेन. त्यात एवढी वळणं आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन झालं. तुमचा बाबा विमानाने आला, महिनाभर राहिला, तुमच्याकडे परत गेला. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना कारणं द्यायची सवय नव्हती. मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, कमरेतून वाकायचं नाही, जमिनीवरची कामं बंद. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, दिवस नाहीत आजी, कायमचं.

ऑक्टोबरात बाबा पुन्हा आला, तेव्हा त्याच्या बॅगेत एक गुळगुळीत कागदाचा फॉर्म होता. नाशिकच्या एका वृद्धनिवासाचा. दोघींत एक खोली, सकाळी साडेसातला नाश्ता, घंटा दाबली की परिचारिका. खोली जानेवारीअखेरपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवलेली होती. त्यानंतर हे घर बंद करायचं आणि यथावकाश विकायचं. हे सगळं त्याने ठरवून टाकलं होतं आणि आता मला समजावून सांगत होता. समजावून सांगताना तो फोटो दाखवत होता.

"बाग पण आहे, आई."

"माळी कोण?"

"आहे ना, त्यांचा माळी आहे."

"मग ती बाग त्याची."

 त्याने चष्मा काढून पुसला. हे तो तुमच्या आजोबांसारखं करतो. त्यानंतर येतं ते खरं बोलणं. तो म्हणाला की तुला वाकता येत नाही, खाली पडलेला चमचा उचलता येत नाही, यंदा मावशी थांबल्या, पण एरवी चार महिने नसतात, मग इथे एकटी राहणार कशी ते मला सांग, मी आनंदाने हा कागद फाडतो.  तो चुकीचं काहीच बोलला नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

त्याच दुपारी मावशी पाड्यावरून परतली. तिच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक भारा होता. तिचा दीर दोन-तीन वर्षांपासून आपल्या तुकड्यावर स्ट्रॉबेरी लावतो. आपल्याकडे आता बरेच जण लावतात. थंडीत मोखाड्याच्या रस्त्याने जाताना काळा प्लास्टिकचा कागद पसरलेले गादीवाफे दिसतात. रोपं महाबळेश्वरकडून येतात. त्याची लावून उरलेली पन्नासेक रोपं मावशीने माझ्यासाठी मागून आणली होती. वीस वर्षं ती पाड्यावरून येताना काही ना काही आणते. मी पडले हे खरं, पण तिच्या डोक्यात माझा परसातला वाफा अजून होता. तिने भारा टेबलावर ठेवला, नेमका त्या फॉर्मवर. फॉर्मला ओल लागली.

बाबाने तो ओढून घेतला आणि रुमालाने टिपला. "मावशी, हे आता कोण लावणार?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"कुठे? जमिनीवर?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. पाहिलं म्हणजे उत्तर शोधायला नव्हे, त्याच्याकडे पाहायचं नव्हतं म्हणून. पडवीच्या छपराखाली शाळेची आठ जुनी बाकं एकावर एक रचलेली होती. शाळेत नवी आली तेव्हा ही मोडीत निघाली होती आणि तुमच्या आजोबांनी ती सरपणासाठी आणली. नंतर सिलिंडर आला, बाकं राहिली. मी वर्षानुवर्षं आजोबांना त्यावरून बोलले. जुन्या पद्धतीची, बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यात असलेली, सागाची.

"बाकांवर," मी म्हणाले.

आता बाबाबद्दल एक गोष्ट मला न्यायाने सांगितली पाहिजे. ज्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता, तिच्यासाठी बाकं त्याने स्वतः उचलली. दोन दिवस खपून त्याने ती परसात चार-चारच्या दोन ओळींत मांडली, मध्ये माझा वॉकर जाईल एवढी जागा ठेवून. डॉक्टरांनी खुर्ची उंच हवी म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्याने प्रत्येक पायाखाली एकेक वीट दिली. पेट्यांचा प्रश्न आठवड्याच्या बाजारात सुटला. किनाऱ्याकडून मासळी घेऊन येणाऱ्या बायका थर्माकोलच्या पेट्यांतून बर्फ आणतात आणि तुटक्या पेट्या तिथेच टाकून जातात. त्याने तशा आठ आणल्या, सोड्याच्या पाण्याने घासल्या, अर्ध्या उंचीवर कापल्या, तापल्या सळईने तळाला भोकं पाडली आणि उन्हात ठेवल्या. तरीही वास गेला नाही. पुढचे दोन दिवस गल्लीतली झाडून सगळी मांजरं माझ्या वर्गात येऊन बसत होती.

लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस समभाग घेतलं. पेट्या भरल्या. रोपं लावणार तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. आठवडाभर रोज नाशिकला व्यायामासाठी यावं लागेल. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून बाबा आणि मी तिकडेच एका ओळखीच्यांकडे राहायला गेलो. रोपं थांबण्यासारखी नव्हती. मी निघायच्या आधी एक कागद लिहिला. तुम्हाला माझं अक्षर माहीत आहे. त्यात आठ सूचना होत्या, क्रमांक घालून. एका पेटीत सहा रोपं, वीतभर अंतराने. मुळं मातीत, पण मधला कोंब मातीच्या वर. कोंब बुजला तर रोप कुजतं. पाणी बेताचं. तो कागद मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, नेहमीच्या खिळ्याला लावला आणि जीपमध्ये बसले.

आठ दिवसांनी परत आले तेव्हा मावशी दारातच उभी होती. चेहरा खुललेला. सगळी लावणी तिने एका दुपारी उरकली होती.

मी वॉकर घेऊन परसात गेले. पेट्यांत पाणी उभं होतं. प्रत्येक पेटीत दोन ठिकाणी रोपांचे झुबके होते, प्रत्येक झुबक्यात तीन रोपं, गळ्यापर्यंत गाडलेली. भात जसं आवणीला लावतात तसं. मुठीतून तीन काड्या सोडवायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या, की पुढे. तिने आयुष्यभर हेच केलं आहे आणि उत्तम केलं आहे. पेट्यांच्या तळाची भोकं तिला पाणी वाहून जाताना दिसली, तेव्हा फुटलेला बांध बुजवावा तशी तिने ती चिकणमातीने बुजवली होती. अठ्ठेचाळीस रोपं, सोळा झुबके. बहुतेक पानं काळी पडली होती.

"तीन-तीन का लावलीस गं?"

"रोप एकटं लावलं तं घाबरतं, बाई."

मागे उभा असलेला बाबा हसला. "बघ आई. मावशींनाही कळतं."

मी म्हणाले की भात घाबरतं, स्ट्रॉबेरी घाबरत नाही. मग मी मावशीकडे वळले. आवाज चढला होता, ते मी नाकारत नाही. भिंतीवर लिहून ठेवलं होतं, तू कागद पाहिला नाहीस का, असं विचारलं. ती पदराला हात पुसत राहिली. हात कोरडे होते.

"पाहिला ना. रोज पाहिला," ती म्हणाली. "तो कागद माझ्याशी कधी बोललाच नाय, बाई."

वीस वर्षं मी त्या खिळ्याला याद्या लावत आले. वीस वर्षं त्याप्रमाणे कामं होत आली. मला वाटायचं माझ्या याद्या चांगल्या असतात. खरी गोष्ट अशी की कागद लावताना मी तो मोठ्याने वाचते, वर्गातली सवय. ती भांडी घासता घासता ऐकायची आणि लक्षात ठेवायची. एकही गोष्ट विसरायची नाही. या वेळी जीप उभी होती, मी न वाचता निघाले. जव्हारच्या निम्म्या गावाला मी इंग्रजी शिकवलं, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या बाईला अक्षर येतं की नाही हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. मी तिला तेव्हाच म्हटलं, आता शिकवते. ती म्हणाली, "मला काय करायचंय? तुमी वाचा, मी ऐकते. आजवर अडलं का?" अडलं होतं, तिच्या समोर आठ पेट्यांत अडलं होतं. पण ती चूक माझी होती, आणि ती दुरुस्त करायला तिने वर्गात बसावं हे काही तिला पटलं नाही. आजही पटलेलं नाही. दोन-तीनदा मी पाटी काढली, तेव्हा तिला अचानक खूप काम आठवलं.

बाबा मला एक शब्द टाकून बोलला नाही. तो म्हणाला, "होतं गं असं, आई." हा स्वर मी ओळखते. नापास मुलांच्या पालकांशी मी याच स्वरात बोलत असे. त्या स्वराचा अर्थ असतो की निकाल लागलेला आहे, आता कशाला वाद.

त्या संध्याकाळी मी पहिल्या बाकावर बसले. बसायची फळी, समोर लिहायची फळी, तिच्यावर पेटी. न वाकता माझे दोन्ही हात मातीत पोचत होते. मुलं बसतात त्या जागी मी शिक्षिका झाल्यापासून पहिल्यांदाच बसले होते. बाबाने सळईने भोकं मोकळी केली, पाणी निघून गेलं. मी चहाच्या चमच्याने एकेक झुबका उचलला, मुळं सोडवली, कुजलेलं रोप बाजूला टाकलं, जगेलसं वाटलं ते पुन्हा लावलं, कोंब मातीच्या वर ठेवून. मावशी शेजारी उभी राहून पाहत होती आणि प्रत्येक वेळी मी कोंब उघडा ठेवला की तिला थंडी वाजल्यासारखी ती खांदे आवळत होती. तीन दिवस लागले. शेवटी एकोणीस उरली.

बाबाची सुट्टी संपली. निघायच्या दिवशी फॉर्म पुन्हा टेबलावर आला, वाळून सुरकुतलेला. मी त्याला म्हणाले, जानेवारीच्या शेवटी तू येणार आहेस ना, मग तेव्हा मी तुला माझ्या हातच्या स्ट्रॉबेऱ्यांची बशी भरून देईन. दिली तर हा कागद तू फाडायचास. नाही दिली तर मी सही करीन आणि तुझ्याबरोबर गाडीत बसेन.

"आई, ही काय परीक्षा आहे का?"

"मला दुसरं काही येत नाही."

त्याने फॉर्म कपाटात ठेवला. दाराशी मला वाकून नमस्कार केला, आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं की तो किती सहज वाकला, कारण तो उगाचच बुटाची नाडी बांधत बसला.

नोव्हेंबरपासून मी वर्ग भरवला. रोपांना हजेरीपटावर क्रमांक दिले, एक ते एकोणीस. रोज सकाळी आठ वाजता हजेरी. नवं पान आलं की खूण, धाव फुटला की खूण. धाव म्हणजे रोप आडवा दोरा सोडतं ना, तो. तो ठेवला तर रोप फळाऐवजी पसरण्यात शक्ती घालवतं, म्हणून कात्रीने कापायचा. पाणी प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, थेंबाथेंबाने. पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक बाकावर बसून काम करत होते. मग उठून पुढच्या बाकाकडे जाताना वॉकर मागे राहू लागला, कारण हाताशी दुसरं बाक असायचंच. नाशिकच्या व्यायामवाल्या मुलीने मला रोज खोलीत तीस फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारणं मला कधीच जमलं नाही. कशासाठी चालतो आहोत ते कळलं पाहिजे. इथे मात्र एकोणीस नंबरचं रोप शेवटच्या बाकावर होतं, आणि तिथे गेल्याशिवाय हजेरी पुरी होत नव्हती.

शेजारचे निवृत्त तलाठी भिंतीवरून डोकावायचे. "बाई, वर्ग कसा आहे यंदाचा?"

मी सांगायची, पुढच्या बाकांवरचे बरे आहेत, मागच्या बाकांवरचे नेहमीसारखे. हे खरंच होतं. मागच्या दोन बाकांवर फणसाची सावली येत होती आणि तिथली रोपं दिवसभर पेंगत असायची.

डिसेंबरात धुकं पडू लागलं. शिरपामाळच्या टेकडीवर गाड्या भरून माणसं येतात ते दिवस. सकाळी परसातली बाकं अर्धीच दिसायची. पहिली फुलं आली, पांढरी, नाजूक. माझ्याकडच्या लागवडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की अशक्त रोपांची पहिली फुलं खुडावीत म्हणजे रोप आधी भरतं. मी खुडायला लागले तशी मावशीने माझा हात धरला. वीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. फूल खुडलं तर फळ काय दगडातून येणार, असं तिचं म्हणणं. मी पुस्तक दाखवलं. ती म्हणाली पुस्तकाने किती आवण्या केल्यात ते विचारा. शेवटी तडजोड झाली. विषम क्रमांकांची फुलं खुडली, सम क्रमांकांची ठेवली. नंतर पाहिलं तर विषम क्रमांकांची रोपं जोमदार झाली आणि सम क्रमांकांना फळ आधी आलं. आम्ही दोघी आपापल्या जागी बरोबर ठरलो आणि त्याचा दोघींनाही सारखाच वैताग आला.

फळ लालसर होऊ लागलं तसे बुलबुल आले. अर्धं टोचून खायचे आणि उरलेलं माझ्यासाठी ठेवायचे. जुनी मच्छरदाणी काढून बाकांवर ताणली. फळांखाली मावशीने भाताचा पेंढा पसरला, म्हणजे ती मातीला टेकणार नाहीत. पण थंडी होती, ऊन उशिरा यायचं, आणि फळं पिकायची घाई करत नव्हती. जानेवारीचा मध्य आला. बाबाचं तिकीट दहा दिवसांवर. बशीभर म्हणजे माझ्या हिशेबात निदान पंधरा. रोज सकाळी मी मच्छरदाणीत डोकं घालून मोजत होते. पूर्ण लाल सात, अर्धी लाल चार, बाकी सगळी हिरवी. लाल झालेली तोडून ठेवली तर दहा दिवसांत सडतील, न तोडता ठेवली तर बुलबुल जाळीतली फट शोधून काढतील. मी ती फ्रिजमध्ये ठेवायची की नाही यावर एक पूर्ण पान लिहिलं. ते पान अजून माझ्या वहीत आहे. आज वाचलं की लाज वाटते.

त्या सकाळी मावशी पाड्यावर निघाली होती. ती परसात आली, तिच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता.

"पहिली फळं देवाला न्यायचीत," ती म्हणाली.

तिच्याकडची ही रीत मला माहीत होती. नवं भात असो, नवी नागली असो, रानातली नवी भाजी असो, गावदेवाला दाखवल्याशिवाय तिच्या घरी कोणी तोंडात घालत नाही. लहान पोरसुद्धा नाही. पण ही सात फळं मी ज्या कामासाठी राखली होती ते तिला माहीत होतं. मी म्हणाले, ही नको गं, ही पोरासाठी आहेत. तो आला की त्याला देईन, मग मला इथे राहता येईल. पुढची नेशील.

ती जागची हलली नाही. द्रोण तसाच पुढे धरून उभी राहिली.

"नवं फळ खायच्या आधी देवाला विचारायचं असतं, बाई," ती म्हणाली. "पोराला नाय."

ती फक्त फळांबद्दल बोलत होती. तिच्या बोलण्यात दुसरं काही नसतं. मी मात्र जाळी धरून उभी होते ती तशीच राहिले. मला एकदम दिसलं की मी तीन महिने काय करते आहे. माझं घर, माझं परस, माझी बाकं, आणि त्यात राहू का हे मी विचारत होते. ज्याला मी अ आ इ शिकवलं त्याला विचारत होते, बशीत फळं घालून. परीक्षा मी स्वतःच काढली होती, पेपर मीच लिहीत होते, आणि गुण द्यायला मी त्याला बसवलं होतं. नाही जमली बशी तर काय, मी खरंच गाडीत बसणार होते?

मी जाळी वर केली आणि सातही फळं देठासकट कापून तिच्या द्रोणात घातली. ती म्हणाली, एवढी नको, दोन पुरे. मी म्हणाले, सगळी ने.

ती गेल्यावर मी हजेरीपटामागचं एक कोरं पान फाडलं आणि वृद्धनिवासाच्या व्यवस्थापकांना इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. की आपण माझ्यासाठी ठेवलेली खोली मला नको आहे. ती कोणा गरजू बाईला द्यावी. हा निर्णय माझा आहे आणि त्यासाठी माझ्या मुलाला विचारण्याची आवश्यकता नाही. शेवटच्या वाक्याखाली मी रेघ ओढली. फोन करता आला असता. पण फोनवर माणसं समजूत घालतात.

पोस्ट आपल्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. मला पाऊण तास लागला. ऑपरेशननंतर फाटकाबाहेर मी एकटी पहिल्यांदाच पडले होते. हातात वॉकर नव्हता, आजोबांची काठी होती. एसटी डेपोच्या चढावर दोनदा थांबले. एका दुकानदाराने स्टूल पुढे केलं. मी उभ्यानेच दम खाल्ला, कारण ते स्टूल फार बुटकं होतं, आणि एकदा बसले तर उठताना चार माणसं गोळा झाली असती. पत्र पेटीत टाकलं. परत येताना उतार होता. उतार चढापेक्षा वाईट असतो हे लक्षात ठेवा.

मावशी दुसऱ्या दिवशी आली. सात फळं पाड्यावरच्या झाडून सगळ्या पोरांत वाटली गेली होती, नखाएवढा तुकडा प्रत्येकाला. मला तिने द्रोणात एक तुकडा आणला होता, सुकलेला, कडेने काळा. तो मी खाल्ला. तीन महिने वाढवलेल्या फळाची माझी पहिली चव ती.

बाबा ठरल्या दिवशी आला. बॅग ठेवून सरळ परसात गेला. मी त्याच्या मागोमाग दोन ओळींमधून चालत गेले, एक हात बाकांवरून फिरवत. त्याने ते पाहिलं. तोवर आणखी पाच फळं पिकली होती. ती मी बशीत घालून त्याच्यापुढे ठेवली. मोठ्या बशीत पाच फळं फार दरिद्री दिसतात. त्याने एक खाल्लं.

"आंबट आहे."

"असू दे."

मग मी त्याला पत्राचं सांगितलं. तो चिडला. त्याला इतकं चिडलेलं मी तो कॉलेजात असताना शेवटचं पाहिलं होतं. म्हणाला, मी रजा काढून आलो आहे, एका वर्षात तिसऱ्यांदा आलो आहे, पैज तू लावलीस आणि तूच मोडलीस, बशी तर भरलीच नाही. हे सगळं खरं होतं, आणि तीनदा येणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. मी विसरलेली नाही.

"बशी भरली नाही," मी म्हणाले. "एकही फळ आलं नसतं तरी मी गेले नसते. ते मला ऑक्टोबरात माहीत नव्हतं. आता आहे."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"तर पडेन. पडल्यावर काय काय करायचं ते कागदावर लिहिलेलं आहे. आणि तो कागद मी मावशीला वाचून दाखवला आहे."

"आणि पावसाळ्यात? मावशी आवणीला गेल्यावर?"

तेव्हा तिची धाकटी बहीण येऊन राहील हे आमचं दोघींचं ठरलं होतं. तेही कागदावर होतं, सहाव्या क्रमांकाला. तो बाहेर निघून गेला.

दोन दिवस घरात जेवायला चल आणि पाणी हवं का, एवढंच बोलणं झालं. मी माझी हजेरी घेत राहिले. कापलेले धाव मी आता टाकत नव्हते, मातीने भरलेल्या वाट्यांत टेकवून त्यांना मुळं फोडत होते. पुढच्या वर्षी सगळ्या पेट्या भरायच्या आहेत. दोन वाट्यांवर तुमची नावं चिकटवली आहेत. धाकट्याची वाटी पहिल्या बाकावर आहे, तिथे त्याचा हात पोचेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते, तेव्हा परसातून घर्रर्र आवाज आला. बाबाने आजोबांचं ड्रिल मशीन शोधून काढलं होतं. परसात उतरायच्या तीन पायऱ्यांच्या कडेने तो भिंतीत लोखंडी कठडा बसवत होता. नळ बसवणाऱ्याकडून पाइप कापून आणला होता. मावशी त्याच्याजवळ स्क्रूची डबी धरून उभी होती. बाबाच्या कपाळावर सिमेंटची धूळ, आणि चष्मा वारंवार पुसणं चाललं होतं. मी दारात उभी राहून पाहिलं. त्याने शेवटचा स्क्रू आवळला, पाइप हलवून पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ये, धरून बघ."

मी उतरले. हात ठेवला. पाइप पक्का होता.

"दोन इंच खाली झालाय," मी म्हणाले. "मला वाकावं लागतंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मावशीकडून पेचकस घेतला आणि सगळे स्क्रू पुन्हा सोडवायला लागला.